सासूबाईंच्या तीन उशा आणि तुमची एक

ताई, मी ४६ वर्षांची, सांगली जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. गेल्या दिवाळीत घरातली जुनी कापसाची गादी काढून फोमची जाड गादी घेतली. तिच्यावर दोन गुबगुबीत उशा मोफत मिळाल्या, म्हणून माहेरहून आणलेली शेवरीची चपटी उशी माळ्यावर टाकली. जानेवारीपासून रोज सकाळी मान धरलेली असते, अंघोळ होईपर्यंत सुटते. मी बहुतेक उजव्या कुशीवर झोपते. शेजारच्या काकू म्हणाल्या, मानेचं दुखणं आहे तर उशीच सोड. पंधरा दिवस बिनउशीची झोपले. मानेला जरा बरं वाटलं, पण उजवा खांदा ठणकायला लागला. मग २,४०० रुपयांची ‘सर्व्हायकल’ उशी आणली, तिच्या उंचवट्यांवर झोपच लागत नाही. आमचे हे म्हणतात, भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा. ते स्वतः पडल्या पडल्या घोरतात. सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत, एरवी एक उशी घ्यायच्या, दोन महिन्यांपासून तीन घेतात. ही महागाची उशी त्यांना देऊन टाकू का? आणि मी कोणती घेऊ? शिवाय भाचीचं बाळंतपण जवळ आलंय, बाळाला मोहरीची उशी शिवायची आहे. किती मोहरी लागेल?
– एक वाचक, सांगली जिल्हा

प्रिय ताई,

तुमच्या पत्रात मानेबद्दल बरंच आहे आणि सासूबाईंबद्दल दोनच ओळी. मी त्या दोन ओळी आधी घेते, कारण सगळ्या पत्रात मला त्यांचीच काळजी वाटली.

एक उशी घेणाऱ्या बाईंना दोन महिन्यांत तीन उशा लागायला लागल्या, हे नुसतं सवय बदलणं नसू शकतं. हृदयरोगाचे डॉक्टर पेशंटला जे प्रश्न विचारतात त्यात एक साधा प्रश्न असतो: “रात्री किती उशा घेऊन झोपता?” त्याचं उत्तर ते कागदावर लिहूनही ठेवतात. माणूस आडवा झाला की पायांकडचं रक्त छातीकडे परत येतं. हृदय धडधाकट असेल तर ते पुढे ढकललं जातं, आपल्याला कळतही नाही. हृदयाची ताकद कमी झाली असेल तर फुफ्फुसांत पाण्याचा अंश साचू लागतो आणि आडवं पडलं की दम लागतो. उठून टेकून बसलं की बरं वाटतं. मग माणूस आपोआप एक उशी वाढवतो, पुढे दुसरी. कुणी विचारलं तर “पित्त वर येतं” नाहीतर “असंच बरं वाटतं” असं सांगतो, आणि तो खोटं बोलत नसतो, त्याला खरंच तेवढंच जाणवत असतं.

आज संध्याकाळी सासूबाईंजवळ बसून शांतपणे विचारा. सपाट झोपलं की गुदमरतं का? रात्री मध्येच उठून बसावं लागतं का? आडवं पडलं की कोरडा खोकला येतो का? जिना चढताना पूर्वीपेक्षा जास्त थांबावं लागतं का? त्यांच्या घोट्याजवळ बोटानं दाबून बघा, खळगा राहतो का. यातलं काहीही असेल तर याच आठवड्यात फिजिशियनकडे न्या. ते तपासतील, ईसीजी काढतील, बहुधा टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, सांगतील. काहीच नसेल तरीही एकदा दाखवाच. तीन उशांमागे पित्त असू शकतं, दमा असू शकतो, पण हे आपण घरी ठरवायचं नाही. तोवर त्यांच्या उशा काढू नका आणि “एवढ्या उशा कशाला” म्हणून टोकूही नका. बसून राहिलं तरी दम थांबत नाही, दरदरून घाम सुटला, छातीत दाब आला, असं कधी झालं तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन करा.

तुमची २,४०० रुपयांची उशी त्यांना देऊ नका. ती फक्त मानेखाली बसते. त्यांना आधार हवा आहे तो पाठीपासून.

आता तुमची मान.

तुम्ही सगळं लिहून पाठवलंत म्हणून सांगणं सोपं गेलं, कारण दुखण्याचा धागा तुमच्याच पत्रात आहे. दिवाळीत दोन गोष्टी एकदम बदलल्या. जुनी कापसाची गादी वर्षानुवर्षं दबून फळीसारखी घट्ट झालेली होती. तिच्यावर कुशीवर झोपलं की खांदा वरच राहायचा, आणि तुमची शेवरीची चपटी उशी त्या घट्ट गादीवर कशीबशी पुरत होती. नव्या फोमच्या गादीत खांदा चांगला आत रुततो. म्हणजे डोकं आणि गादी यांच्यातली पोकळी कमी झाली, उशी आधीपेक्षा कमी उंच हवी होती. नेमक्या त्याच वेळी तुमच्या डोक्याखाली मोफतची फुगीर उशी आली. रात्रभर मान डाव्या खांद्याकडे वर ढकललेली राहिली. डोक्याचं वजन साधारण साडेचार ते पाच किलो असतं, ते सात तास तिरकं तोलायचं म्हटल्यावर सकाळी मान धरणारच.

काकूंच्या सल्ल्याने उशी सोडलीत तेव्हा चूक उलट दिशेला गेली. मानेवरचा वरचा ताण गेला म्हणून बरं वाटलं, पण डोकं गादीकडे लोंबायला लागलं आणि सगळा भार उजव्या खांद्यावर आला. ‘मानेचं दुखणं म्हणजे उशी बंद’ हा सल्ला आपल्याकडे घरोघरी दिला जातो. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या पेशंटनी तो आधीच पाळलेला असतो. पालथं झोपणाऱ्याला तो काही प्रमाणात लागू पडतो, कारण पालथं झोपून वर उशी घेतली तर मान मागे मुडपते. उताणं झोपणाऱ्याला पातळ का होईना उशी लागते. कुशीवर झोपणाऱ्याला तर उशी सोडून चालतच नाही. काकूंनी प्रेमानं सांगितलं, त्यांना दुखवू नका, पण उशी परत घ्या.

एवढं लक्षात आलं की कोणती उशी घ्यावी याचं उत्तर दुकानात शोधायची गरज राहत नाही. उशीचं काम एकच, डोकं आणि गादी यांच्यामधली पोकळी भरून काढणं. ती पोकळी तुमच्या खांद्याच्या रुंदीवर, तुमच्या झोपण्याच्या कुशीवर आणि तुमच्या गादीवर ठरते. उशीत काय भरलंय आणि तिची किंमत किती, हे त्याच्या नंतर येतं. म्हणून आधी मोजा, मग खरेदी करा.

मोजायला घरातल्या दोन-तीन जुन्या सुती चादरी पुरतात. त्यांची उशीएवढी घडी करा, तुमच्याच गादीवर नेहमीसारख्या उजव्या कुशीवर झोपा आणि ती घडी डोक्याखाली घ्या. खांदा घडीवर चढवायचा नाही, तो गादीवरच ठेवायचा. खांद्याच्या वरची मानेची खोबण मात्र घडीनं भरली पाहिजे. तसंच दहा मिनिटं पडून राहा, फोम दबायला वेळ घेतो. मग यजमानांना तुमच्यासमोर उभं राहून मोबाइलवर फोटो काढायला सांगा. फोटोत नाकाचं टोक, हनुवटी आणि गळ्याखाली दोन हाडांमध्ये जो खळगा असतो तो, या तिन्ही जागा एका सरळ रेषेत आणि रेषा गादीला समांतर दिसायला हवी. नाक छताकडे झुकलेलं दिसलं तर एक पदर काढा. गादीकडे झुकलेलं असेल तर एक पदर वाढवा. जमलं की घडी डोक्याखाली दबलेली असतानाच गादीपासून कानापर्यंत पट्टी लावून उंची मोजा. बऱ्याच जणांची ती तीन ते पाच इंचांत बसते, पण तुमचा आकडा तुमचाच. तो कागदावर लिहून ठेवा आणि आठवडाभर त्या चादरींच्या घडीवरच झोपा. मान सकाळी सुटी राहिली तर निदान बरोबर. एक पैसा खर्च झालेला नाही.

उताणं झोपायची सवय असणाऱ्यांनीही हाच प्रयोग करावा. त्यांच्यासाठी खूण अशी की नजर सरळ छताला भिडते, हनुवटी छातीकडे दाबली जात नाही आणि घसा आवळल्यासारखा वाटत नाही. मानेच्या सात मणक्यांना पुढच्या बाजूला हलका बाक असतो, त्या बाकाखाली टॉवेलची छोटी गुंडाळी ठेवली तर पातळ उशीसुद्धा उत्तम काम देते.

आता वस्तूंबद्दल थोडं. दुकानात दिसणाऱ्या उंचीवर जाऊ नका, दबल्यावर काय उरतं ते बघा. सहा इंच फुगलेली पॉलिएस्टर फायबरची उशी डोकं ठेवल्यावर तीन इंचांची होते आणि सहा महिन्यांनी आणखी बसते. ती स्वस्त असते, धुता येते, हे तिचे गुण. तिची परीक्षा सोपी आहे. मधोमध दुमडा, हात सोडा, ती स्वतःहून उलगडली नाही तर तिचे दिवस भरले.

मेमरी फोम १९६० च्या दशकात नासाच्या एका प्रकल्पातून आला, विमानातल्या आसनांसाठी. तो अंगाच्या उष्णतेनं मऊ होतो आणि थंडीत कडक. म्हणून डिसेंबरात दगडासारखी वाटलेली उशी मे महिन्यात गाळात रुतल्यासारखी वाटते. शिवाय तो उष्णता धरून ठेवतो, सांगली-सोलापूरच्या उन्हाळ्यात मान घामानं भिजते. ज्यांना घाम कमी येतो आणि उंची बरोबर जमते त्यांना तो फार आवडतोही, तेव्हा त्याला वाईट म्हणता येणार नाही. लॅटेक्स म्हणजे रबराच्या झाडाचा चीक. त्याची उशी उसळी घेते, हवा खेळती ठेवते, बरीच वर्षं टिकते, पण जड आणि महाग. या दोन्ही उशा उन्हात टाकायच्या नाहीत, ऊन त्यांना खातं.

शेवरीबद्दल मी थोडी हळवी आहे. फाल्गुनात पानं झडलेल्या काटेसावरीवर लाल फुलं येतात, चैत्र-वैशाखात बोंडं तडकतात आणि अंगणभर कापूस उडतो. आमच्या आजीनं तो वेचून, बी काढून, अभ्रे शिवून भरलेल्या उशा मी वापरल्या आहेत. त्या धाग्याला सूत निघत नाही, तो आखूड, गुळगुळीत आणि आतून पोकळ असतो. त्याच्या जातकुळीतला कापोक नावाचा झाडाचा कापूस एके काळी बोटीवरच्या जीवरक्षक जॅकेटांत भरत, कारण तो पाणी शोषत नाही. त्यामुळेच शेवरीची उशी हलकी, थंड आणि कोरडी राहते. पण धागा ठिसूळ असल्यामुळे तो वर्षानुवर्षं दबून भुकटी होत जातो. साध्या कापसासारखा पिंजाऱ्याकडून पिंजून घेतला तर आणखी तुटतो. हातानं मोकळा करावा लागतो.

तेव्हा तुम्हाला मी काय सुचवू? चेन असलेली, आतलं भरण काढता-घालता येईल अशी उशी घ्या. गावातल्या गादीवाल्याकडेही अशी उशी हवी तेवढं भरण घालून शिवून मिळते. त्याला तुमचा इंचांचा आकडा सांगा, थोडं जास्त भरून घ्या आणि घरी आणून फोटोशी ताडून मूठ-मूठ कमी करा. अशी उशी गादी बदलली तरी जुळवून घेता येते. दुकानातून तयार उशी घ्यायची असेल तर तिथल्या तुमच्यासारख्याच गादीवर दहा मिनिटं आडव्या व्हा. संकोच करू नका. मी तर पेशंटना त्यांची उशी पिशवीत घालून क्लिनिकला आणायला सांगते. सुरुवातीला लाजतात, पण तपासणीच्या टेबलावर त्यांच्या उशीवर त्यांना झोपवून फोटो दाखवला की पुढचं काही समजवावं लागत नाही.

आणलेल्या सर्व्हायकल उशीला मात्र एक संधी द्या. तिच्या दोन उंचवट्यांपैकी एक कमी उंचीचा असतो. तो खांद्याकडे घेऊन त्यावर फक्त मान टेकवा, डोकं मधल्या खोलगट भागात. पुष्कळ जण उंच बाजू घेतात किंवा उंचवट्यावर डोकं ठेवतात आणि मग रात्रभर तळमळतात. काही उशांच्या पोटात काढता येणारा फोमचा थर असतो, खोळ उघडून बघा. दहा-बारा रात्री देऊनही जमलं नाही तर हट्ट धरू नका. ‘सर्व्हायकल’ किंवा ‘ऑर्थोपेडिक’ हे शब्द खोक्यावर छापलेले असतात, तुमची मान मोजून कुणी ते लिहिलेले नसतात.

उजव्या खांद्याला पंधरा दिवस उसंत द्या. डाव्या कुशीवर झोपा, छातीशी एक उशी धरून उजवा हात तिच्यावर ठेवा, आणि गुडघ्यांमध्ये एक जुनी उशी घ्या म्हणजे कंबरही पिळवटत नाही. घरातल्या मोफतच्या दोन उशा या दोन कामांना छान होतील. आणि रात्री पलंगावर मांडी घालून वह्या तपासत असाल तर ते टेबलावर न्या. उशी सात तास सांभाळेल, उरलेले सतरा तास तुमच्या हातात आहेत.

हे सगळं करून तीन आठवड्यांत फरक पडला नाही तर तपासून घ्या. हातात मुंग्या येणं, बोटं बधिर होणं, हातातून खडू किंवा भांडं सुटणं, चालताना तोल जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं, मानदुखीबरोबर ताप किंवा वजन घटणं, पडल्यावर किंवा अपघातानंतर सुरू झालेली मानदुखी, यातलं काही असेल तर तीन आठवडेसुद्धा थांबू नका. तिथे उशीचा संबंध संपतो.

यजमानांच्या म्हणीला माझा मान आहे. दिवसभर नांगर धरून आलेल्या माणसाला धोंड्यावर झोप लागतेच. पण झोप लागणं आणि झोप पुरणं यात फरक आहे, आणि तो त्यांच्याच बाबतीत बघायला हवा. त्यांचं घोरणं रात्री मध्येच थांबतं का, काही सेकंद श्वास बंद होऊन मग धाप टाकल्यासारखा जोरात आवाज येतो का, सकाळी डोकं जड असतं का, दुपारी गाडी चालवताना पेंग येते का, हे तुम्हीच नीट सांगू शकाल. असं असेल तर ती झोपेत श्वास अडण्याची व्याधी असू शकते, झोपेची तपासणी करून घ्यावी. कुशीवर झोपल्यानं काहींना फायदा होतो, पण कोणतीही उशी ही व्याधी बरी करत नाही, खोक्यावर काहीही लिहिलेलं असो.

स्वच्छतेचं एकच सांगते, कारण आपल्या घरांत ते राहून जातं. डोक्याला तेल लावून झोपायची आपली पद्धत. ते तेल अभ्र्यातून आत मुरतं, घाम आणि धूळ धरून ठेवतं, आणि त्यात धुळीतले सूक्ष्म किडे वाढतात. सकाळी उठल्याबरोबर शिंका येत असतील तर आधी उशीचा वास घेऊन बघा. अभ्रे आठवड्याला कढत पाण्यात धुवा, आत एक साधी सुती खोळ कायम ठेवा, आणि कापसाच्या, शेवरीच्या उशांना पावसाळा संपला की दोन दिवस गच्चीवर कडक ऊन दाखवा. ओले केस घेऊन झोपू नका, बुरशी धरते.

राहिली मोहरीची उशी. ताई, ती शिवू नका. बाळ वर्षाचं होईपर्यंत त्याला कोणतीच उशी नको, मोहरीची नको, कापसाची नको. तान्ह्या बाळाचं डोकं अंगाच्या मानानं मोठं असतं, उशीनं हनुवटी छातीवर येते आणि श्वासाची वाट अरुंद होते. उशी उसवून मोहरी बाहेर आली तर नाकातोंडात जायची भीती वेगळीच. डोकं गोल व्हावं म्हणून ही उशी करतात हे मला माहीत आहे, त्यामागची माया खरी आहे. पण एका बाजूला चपटं झालेलं डोकं बहुतेक बाळांचं मान धरू लागल्यावर, बसू लागल्यावर आपोआप भरून येतं. बाळाला सपाट, घट्ट अंथरुणावर उताणं झोपवायचं, आज डोकं एका बाजूला, उद्या दुसऱ्या. जागं असताना, कुणीतरी समोर बसून, थोडा थोडा वेळ पालथं ठेवायचं. डोकं तिरकंच राहिलं किंवा मान एकाच बाजूला वळत असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवायचं. बारशाला काही शिवून न्यायचंच असेल तर माळ्यावरची शेवरीची उशी ज्या मऊ जुन्या कापडात आहे, तसल्या धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साडीची दुपटी शिवा. बाळंतिणीला दुपटी कितीही दिली तरी कमीच पडतात.

माळ्यावरची उशी फेकू मात्र नका. उसवून बघा, भुकटी चाळून काढा, चांगला उरलेला कापूस हातानं मोकळा करून उन्हात ठेवा. तुमच्या नव्या उशीत तो घालता येईल. चादरींची घडी किती इंचांवर थांबली ते मला लिहा. आणि सासूबाईंना डॉक्टरांनी काय सांगितलं, ते त्याच्याही आधी कळवा.